बाईंचा रानमेवा

बाईंच्या स्कूटीवर मागं बसायचं म्हणजे सीटखालचा दांडा घट्ट धरून बसावं लागायचं. त्या वेगात चालवायच्या असं नाही. पण कुठं ब्रेक दाबतील याचा नेम नसायचा. येरमाळ्याहून आमच्या शाळेच्या गावाला जाणारा रस्ता हायवे सोडला की डोंगराच्या कडेकडेनं जातो. दोन्ही बाजूंना माळ, मधे एखादा ओढा, कुणाचं तरी ज्वारीचं रान. बाई केंद्रावरच्या बैठकीबद्दल तावातावानं बोलत असायच्या आणि वाक्य अर्धं टाकून खचकन थांबायच्या.

"उतरा सर. पिकलंय."

काय पिकलंय ते मला कधीच दिसायचं नाही. मला नुसती काटेरी झुडपं दिसायची. बाई मात्र स्टँड लावून, साडीचा पदर खोचून, बांधावरून पलीकडं गेलेल्या असायच्या. परत यायच्या तेव्हा हातावर दोन नवे ओरखडे आणि मुठीत लालसर-केशरी, मण्यांएवढी फळं. "गांगेरुक. घ्या. चोखा आणि बी थुंका. शाळेच्या गेटाच्या आत थुंकू नका, पोरं बघतात."

मी सोलापूरकडचा, नोकरीत नवा. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत रुजू झालो तेव्हा बाई तिथं सगळ्यांत जुन्या होत्या. आम्ही दोघंही येरमाळ्यात आपापली खोली करून राहायचो, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला मागच्या सीटवर बसवलं. पन्नाशीच्या बाई गाडी चालवतायत आणि तरणाताठा माणूस मागं दांडा धरून बसलाय, हे बघून हायवेवरचे चहावाले हसायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. "त्यांना हसू द्या. त्यांच्या टपरीमागं भोकराचं झाड आहे, पण त्यांना पत्ता नाही."

बाई मूळच्या तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. त्या सांगायच्या, लहानपणी घरात गोडाला तोटा नव्हता. पेढे, खडीसाखर, खोबरं, यात्रेकरूंनी आणलेलं कायकाय. आंबट, तुरट असं काही खायला मिळेल म्हणून त्या घाटातल्या झाडीत शिरायला लागल्या आणि मग त्यातून बाहेर आल्याच नाहीत. लग्न का केलं नाही असं एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "बघायला आलेल्या मुलापुढं मी कवठ ठेवलं होतं. त्याला ते फोडता येईना. तो इकडं तिकडं बघायला लागला. म्हटलं, हा पुढं काय करणार?" हे खरं की थट्टा, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

रानात जाताना त्या साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट घालायच्या. पर्समध्ये एक जुना टूथब्रश कायम असायचा. फड्या निवडुंगाच्या लालभडक बोंडांवर डोळ्यांना न दिसणारी कुसं असतात, ती घासून काढायला. ती बोंडं खाऊन आल्या की ओठ, जीभ, दात सगळं जांभळं-लाल व्हायचं आणि तशाच त्या चौथीच्या वर्गावर जाऊन भागाकार शिकवायच्या. पोरं हसायची नाहीत, कारण निम्म्या पोरांच्या जिभा त्याच रंगाच्या असायच्या.

दर सोमवारी सकाळी त्या तुळजापूरहून एसटीनं यायच्या. रविवारी मीही गावाकडं गेलो की परतताना कधीकधी त्याच गाडीत त्यांची गाठ पडायची. एकदा भर रस्त्यात बाई उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "थांबवा, थांबवा!"

कंडक्टर घाबरून मागं आला. "बाई, मळमळायलंय का?"

"नाही हो. बांधावर गोंदण लागलंय. दोन मिनिटं."

गाडीतल्या लोकांनी काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. पण बाई परत आल्या त्या ओंजळभर केशरी, चिकट फळं घेऊन, आणि सगळ्यांत आधी त्यांनी ती ड्रायव्हरला दिली, मग कंडक्टरला. कंडक्टरनं एक तोंडात टाकलं, चोखलं आणि म्हणाला, "आयला, ल्हानपनी आजोळला खाल्ली व्हती ओ ही!" पुढच्या सोमवारी त्याच बांधापाशी त्यानं आपणहून घंटी मारली.

माणसांनाही त्या फळांचीच नावं द्यायच्या, आणि तीही तोंडावर. आमचे मुख्याध्यापक म्हणजे सीताफळ, कारण बिया फार आणि गर थोडा. शेजारच्या शाळेतल्या एका गोडबोल्या गुरुजींना त्या बिब्बा म्हणायच्या. वरचं पिवळं फूल खायला गोड, खालचं बी अंगावर उतलं तर फोड. मी एकदा धीर करून विचारलं, "आणि मी?" माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "तुमचं अजून फूल गळलं नाही. काय धरतंय ते बघू."

एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला केंद्रप्रमुख अचानक शाळेवर आले. बाई पोरांना घेऊन माळावर फिरतात, वर्ग बुडतो, अशी कुणीतरी कागाळी केली होती. साहेब खुर्चीत बसले, घसा खाकरला, आणि बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी बशीत एक पिवळसर फळ पुढं केलं.

"साहेब, आधी हे घ्या. उन्हातून आलात. टेंभुर्णं."

टेंभुर्णं पूर्ण पिकलं तर चिकूसारखं लागतं. थोडं जरी कच्चं असलं तर जीभ, टाळू, हिरड्या सगळं आवळून धरतं. साहेबांनी मोठा घास घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू लहान होत गेला. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण ओठ सुटेनात. नुसतं "बाई… हे… हे…" एवढंच बाहेर आलं. बाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि गंभीरपणे सांगितलं, "पाण्यानं जात नाही. थोडा वेळ लागतो. तोवर मी माळावर काय शिकवते ते सांगते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांना मधे एकदाही बोलता आलं नाही. जाताना मात्र ते हसत होते. "बाई, पिकलेलं असलं तर निरोप पाठवा," म्हणून गेले.

माळावर त्या शिकवायच्या ते असं. पोरांना झुडपापुढं उभं करायचं आणि हात पाठीमागं बांधायला लावायचे. "आधी झाड बघायचं. मग पान, मग काटा. फळ सगळ्यांत शेवटी." कामोण्या कुठल्या, पोपटी कुठली, शेंदाडाचा वेल कुठला, बोरी आणि घटबोरीच्या पानांत फरक काय. पोरं धडाधड उत्तरं द्यायची. मला वाटायचं, हे सगळं असंच चालू राहील.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. मधल्या सुट्टीनंतर तासाभरानं बाईंच्या वर्गातली राणी बाकावरच ओकली. पाठोपाठ दुसरी, मग दोन मुलगे. बघता बघता वर्गातली निम्मी पोरं पोट धरून बसली. मुख्याध्यापक खिचडीच्या पातेल्याकडं धावले. पण खिचडी सगळ्या शाळेनं खाल्ली होती.

बाई राणीपुढं गुडघ्यावर बसल्या. "काय खाल्लं, बाळा?"

राणी रडत म्हणाली, "बोरं."

बोरं अजून हिरवी होती. बाईंना ते ठाऊक होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बाहेरून एक काडी आणली आणि राणीनं ओकलं होतं तिथं वाकून काडीनं ते चाळून बघितलं. मला बघवेना. बाईंनी त्यातून पांढऱ्या गराचे तुकडे बाजूला केले, उठल्या आणि तडक शाळेच्या मागं गेल्या. तिथं कुंपणाला चंद्रज्योत लावलेली होती, मोगली एरंड म्हणतात ती. जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून आपल्याकडं बांधाबांधावर असते. तिच्या बोंडातलं काळं बी फोडलं की आत पांढरा गर निघतो आणि तो अगदी शेंगदाण्यासारखा लागतो. कुंपणापाशी काळ्या टरफलांचा खच पडला होता. बाईंनी बोंडांसकट एक फांदी तोडली.

गावातल्या एकाच्या टेंपोत पोरं घालून आम्ही येरमाळ्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाल्लंय?" बाईंनी फांदी टेबलावर ठेवली. "चंद्रज्योत. बिया. मधल्या सुट्टीत."

"नक्की?"

"नक्की. टरफलं मी बघितलीत, ओकाऱ्या मी बघितल्यात."

"बरं झालं सांगितलंत. आता शोधत बसायला नको." डॉक्टर कामाला लागले. सलाईन लागली. संध्याकाळपर्यंत उलट्या थांबल्या आणि कुणाच्याही जिवाला धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

पण तोवर गाव दवाखान्यात आलं होतं, आणि गावात एकच बातमी होती. बाईंनी पोरांना रानातलं खायला शिकवलं म्हणून हे झालं. राणीची आई शालन सगळ्यांत पुढं होती. उंच, काटक बाई, आवाज ओढ्यापलीकडं जाईल असा.

"तुमच्या नादानं माझी लेक मेली असती ओ बाई! साळंत लिवायला-वाचायला धाडतो आमी, का पाला-बी चघळायला?"

बाई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि सगळं ऐकून घेतलं. त्याच टेंपोनं आम्ही शाळेवर परतलो, तेव्हा स्कूटीपाशी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला म्हणाल्या, "सर, आज तुम्ही चालवा." रस्त्यात एकदाही त्यांनी बांधाकडं बघितलं नाही. खोलीपाशी उतरल्यावर म्हणाल्या, "ती बाई बोलली ते सगळंच खोटं नाही. मी पोरांना खायचं ते शिकवलं. त्यांची भीती घालवली. पण न खायचं काय, ते शिकवायचं माझ्याकडून राहिलं. मला वाटलं, चंद्रज्योत काय शिकवायची, ती तर सगळ्यांनाच ठाऊक असते."

शाळा समितीची बैठक झाली. पोरांना माळावर न्यायचं नाही असं ठरलं. कुंपणाची चंद्रज्योत उपटून टाका असंही कुणीतरी म्हणालं. बाई तेवढ्यावरच बोलल्या. "शाळेची उपटाल. शेताच्या बांधावरची कोण उपटणार? घरी जायच्या वाटेवरची? ती असू द्या, मला ती पोरांना दाखवायचीय." दुसऱ्या दिवशी चंद्रज्योत उपटलेली होती.

बाई वर्गात भागाकार शिकवत राहिल्या. ओठ कधी जांभळे दिसले नाहीत. स्कूटी सरळ शाळेपर्यंत जायची, न थांबता. मला दांडा धरायची गरज उरली नाही, आणि हे मला अजिबात आवडत नव्हतं.

थंडी पडल्यावर एका शनिवारी शाळा सुटली आणि शालन गेटात येऊन उभी राहिली. राणीचा हात तिच्या हातात होता. पोरगी वाळली होती. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. मी बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"बाई, हिच्याकडं बगा," शालन म्हणाली. या वेळी आवाज लहान होता. "दवाखान्यातनं आल्यापासनं काईच खाईना. भाकरी मोडती, वास घेती, आन् इचारती, आये, ह्यानं उलटी व्हईल का? बाजारातनं केळं आनलं तर त्ये बी खाईना. येडाईला नवस बोलले, देवऋषी केला. ह्ये भ्या तुमच्यापायी बसलंय. आता तुमीच काडा."

बाईंनी पर्स उचलली. "चला."

"कुठं?"

"माळावर. तुम्हीपण चला. मी एकटी नेणार नाही हिला."

मीही मागोमाग निघालो. बाईंनी सगळ्यांत आधी आम्हाला कुणाच्या तरी बांधावरच्या चंद्रज्योतीपुढं नेलं. राणी आईमागं लपली. बाईंनी पान दाखवलं, बोंड दाखवलं, देठ मोडून त्यातून गळणारा चीक दाखवला. "हीच ना ती?" राणीनं मान हलवली. "आता पुन्हा कुठंही दिसली तर ओळखशील?" राणीनं पुन्हा मान हलवली. "मग झालं. हिला भ्यायचं. बाकीच्यांना कशाला?"

बाकीच्यांना राणी भीतच राहिली. शेंदाडाचा वाळलेला वेल आला, कामोण्या आल्या, ती नुसती बघत होती. बाईंनी एकदाही 'खा' म्हटलं नाही. तेवढ्यात ओढ्याच्या कडेला एक काटेरी जाळी लागली. वाकडे काटे, आत काळीभोर चकचकीत फळं.

"येरुणी," बाई म्हणाल्या.

"परगी," शालन म्हणाली.

बाईंनी वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"परगी म्हंत्यात ह्याला. माझं म्हायेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवंला. आमच्यात करवंदाला कवळी म्हंत्यात, आन् ही परगी. लई खाल्ली म्या. साखरंसारकी गोड असत्यात."

"गोड?" बाई आता पूर्वीच्या बाई झाल्या होत्या. "येरुणी गोड कुठं असते? आंबट. चक्क आंबट."

"तुमी तुळजापूरच्या. पेढं खाऊन खाऊन तुमाला समदंच आंबट लागत असंल."

"अहो, मी ही जाळी वीस वर्षं ओळखते!"

"म्या जल्मल्यापासनं वळकते!"

दोघी जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडत होत्या. बाईंचा शर्ट काट्यात अडकला होता, त्यांना त्याचं भान नव्हतं. शालननं एक फळ तोंडात टाकलं, "गोड!" म्हणाली. बाईंनी एक टाकलं, "आंबट!" म्हणाल्या. मला विचारतील म्हणून मी दोन पावलं मागं सरकलो.

आणि मधे बारीक आवाज आला. "आदी आंबट हाय. मग गोड हाय."

राणीच्या हातात देठ होता. तोंडात बी फिरत होती. तिनं ती लांब थुंकली आणि म्हणाली, "दोगींचं बी चुकलंय."

शालननं तोंडावर पदर धरला. बाईंनी काट्यातून बाही सोडवून घेतली, त्यात ती फाटली. मग त्यांनी जाळीत हात घातला, चांगली टपोरी फळं निवडली आणि राणीपुढं ओंजळ धरली. राणीनं आधी पान बघितलं, काटा बघितला आणि मग एकेक उचलून सगळी खाल्ली. घरी जाताना तिनं आईकडं भाकरी मागितली. शालन तिथंच बांधावर बसून हसत आणि रडत होती.

पुढच्या शनिवारी शालन गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन आली. लग्न होऊन वेगवेगळ्या गावांहून आलेल्या त्या बायका. कुणी परांड्याकडची, कुणी बार्शीकडची, कुणी बीडकडची. प्रत्येकीकडं एकाच फळाचं वेगळं नाव, आणि प्रत्येकीच्या मते आपल्याच माहेरचं खरं. एकीनं सोनारीच्या देवळापाशी असतात त्या माकडांचं सांगितलं, ती जे खातात ते सगळं चालतं. त्यावर माकडाचं पोट वेगळं आणि आपलं वेगळं म्हणून बाईंनी तिला असं झापलं की बाकीच्यांनीही ते ध्यानात ठेवलं. समितीनं घातलेली बंदी कुणी उठवली नाही. पण आयाच पोरांना माळावर नेतात म्हटल्यावर ती कुणावर घालायची, हे समितीला कळेना. मुख्याध्यापकांनी स्वतःच शाळेच्या एका भिंतीवर चंद्रज्योत, धोतरा, गुंज, कण्हेर यांची चित्रं काढून घेतली. बाई मला म्हणाल्या, "सीताफळात गर निघाला बरं का, सर."

नंतर माझी बदली झाली आणि काही वर्षांनी बाई निवृत्त होऊन तुळजापूरला गेल्या. लोक त्यांना फोनवर फळांचे फोटो पाठवतात, हे काय आहे म्हणून विचारतात. बाई उत्तर देत नाहीत. "फोटोला चव नसते. गाडीत बसून या," असा एकच निरोप असतो. लोक खरंच जातात.

परवा मीही गेलो होतो. देवीचं दर्शन घेतलं आणि गर्दीतून वाट काढत त्यांच्या घरी पोचलो. दार उघडंच होतं. आतून मोठमोठ्यानं आवाज येत होते, म्हणून मी दचकून उंबऱ्यातच थांबलो.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर पानांसकट तोडलेली एक डहाळी होती, तिला बारीक, पिवळट फळांचे घोस. एका बाजूला बाई बसल्या होत्या. केस आता पूर्ण पांढरे झालेले, चष्मा कपाळावर. दुसऱ्या बाजूला शालन. तिचेही केस पिकले होते. देवीला ती दरवर्षी येते, आणि आधी इथं येते मग देवळात जाते, हे मला नंतर कळलं.

"ह्ये त्ये न्हाय म्हंते मी!"

"तेच आहे. पान बघा, पान!"

"पान काय बगू? म्या झाड बगून आले!"

मी आत गेलो, पाया पडलो. बाईंनी डोक्यावर हात ठेवला, पण नजर डहाळीवरून हलवली नाही.

"बसा सर," त्या म्हणाल्या. "चहा आमचं ठरल्यावर."